हप्ता नफ्यातून नाही, मालातून चाललाय

उभा राहा. मोबाइल खाली ठेव. गिऱ्हाईक आलं तर थांबेल पाच मिनिटं. मी साखर न्यायला आलेलो नाही.

अख्ख्या झरीत सांगत सुटलायस म्हणे, ‘कर्जाचं टेन्शनच नाही, स्कॅनरवर पैसे आले की हप्ता आपोआप कटतो.’ आपोआप! रोज किती कटतो, सांग. ‘तीनशे काहीतरी’? डाळ तोलताना गिऱ्हाइकाला किलोऐवजी ‘काहीतरी’ देतोस का? दुकानदाराच्या तोंडी हा आकडा शोभत नाही. माझ्या वर्गात बसून गेलेल्याच्या तर मुळीच नाही.

वही काढ. ती उधारीची नको, कोरी काढ.

एक लाख घेतलेस. हातात किती पडले? 96,460. उरलेले? तीन टक्के फाइल चार्ज, म्हणजे 3,000, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, 540. बरोबर. व्याज ‘फक्त दीड टक्का महिना’. वर्षाचे झाले 18,000. एकूण 1,18,000, भागिले 360 दिवस. आला आकडा? 328 रुपये रोज. हे तुझं ‘काहीतरी’.

आता म्हणशील, अठरा टक्केच तर झाले, सर. गाढवा, लाख रुपये वर्षभर तुझ्याकडे होते का? दुसऱ्या दिवसापासून परत जायला लागले. सहा महिन्यांत निम्मे गेले, पण व्याज शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण लाखावर धरलेलं. वर्षभराची सरासरी काढलीस तर पन्नास हजारसुद्धा तुझ्या वापरात नव्हते, आणि त्यासाठी तू मोजलेस व्याज आणि चार्ज मिळून 21,540. हा दर चाळीस टक्क्यांच्या वर जातो. सावकाराचं नाव निघालं की थुंकतोस ना? त्याला निदान 2014 च्या कायद्याने परवाना लागतो आणि व्याजाला मर्यादा असते.

पण व्याजासाठी मी आलो नाही. व्याज महाग असेल, पण धंदा वाढला तर माणूस तेही पचवतो. मी आलोय पुढच्या गणितासाठी, कारण ते तू मांडलेलंच नाहीस.

रोजची विक्री चार हजार. तेल, साखर, बिस्किटं, साबण, सगळं धरून शंभराला आठ सुटतात, हे तूच सांगितलंस. चार हजाराला किती सुटले? 320. हप्ता 328. बघ त्या वहीकडे, माझ्याकडे काय बघतोस! दिवसाची कमाई देऊन वर आठ रुपये तू पदरचे घालतोस. लाईट बिल, घरची भाजी, पोरीची फी अजून बाकीच आहे. मग घर कशावर चाललंय? मालावर. तेलाचा डबा विकलास, की त्याच पैशातून दुसरा डबा यायला हवा. तुझा डबा विकला जातो आणि त्यातला तुकडा हप्त्यात जातो. म्हणून ती वरची फळी रिकामी दिसतेय. मला वाटलं होतं, झाडायला काढलीस.

ही कापण्याची पद्धत इथेच फसवते. हप्ता कटतो विक्रीतून, नफ्यातून नाही. कंपनीला तुझा नफा दिसत नाही, दिसायची गरजही नाही. तिला दिसते स्कॅनरवरची उलाढाल. स्कॅनरवर रोज अडीच हजार येतात, त्यातले 328 गेले, तर तुला वाटतं, शंभरातले तेराच तर गेले. अरे, पण त्या शंभरात तुझे आठच होते! बाकीचे ब्याण्णव मोंढ्यातल्या व्यापाऱ्याचे. तू त्याचे पैसे फायनान्सवाल्याला देतोयस.

आणि एक विचारतो. तुझा हप्ता विक्रीचा टक्का आहे की ठरलेली रक्कम? माहीत नाही! लाख रुपये घेतले आणि हे माहीत नाही!

यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूळ कल्पना चांगली होती. अमेरिकेत 2013 मध्ये पेपॅलने आणि 2014 मध्ये स्क्वेअरने छोट्या दुकानदारांना असे पैसे द्यायला सुरुवात केली: विक्रीतला ठरलेला टक्का द्या, धंदा मंदावला तर हप्ताही लहान होईल. आपल्याकडे मुंबईच्या निओग्रोथने कार्ड मशीनवरची विक्री बघून दुकानदारांना कर्ज द्यायची वाट पाडली. पुढे क्यूआर कोड गल्लोगल्ली लागले, बोलणारे डबे आले, आणि तुझ्यासारख्याची उलाढाल दूरच्या कचेरीत बसलेल्याला रोज दिसू लागली. ताळेबंद नाही, गहाण नाही, तरी पैसे मिळतात. हा गुण मी नाकारत नाही. बँकेच्या दारात किती ताटकळावं लागतं, तेही मला माहीत आहे.

पण स्कॅनरवरची बरीच कर्जं टक्क्याची नसतात, ठरलेल्या रोजच्या हप्त्याची असतात. आपल्या परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या दुकानाला हे झेपतं का, याचा विचार कोणी करायचा? मी? सोयाबीन घरात आलं, कापूस विकला, की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आषाढात माशा मारतोस. टक्का असेल तर आषाढात हप्ता उतरतो, फेडीचे दिवस लांबतात. ठरलेली रक्कम असेल तर 328 म्हणजे 328, पाऊस असो की नसो. स्कॅनरवर तेवढे जमले नाहीत, तर तू दिलेल्या मँडेटवर बँक खात्यातून ओढतात. खात्यात नसतील, तर वर दंड.

नाव एक आणि काम दुसरं, हा घोळ तिकडे अमेरिकेतही झाला. यलोस्टोन कॅपिटल नावाची कंपनी म्हणत होती, आम्ही कर्ज देत नाही, पुढच्या विक्रीतला वाटा विकत घेतो. प्रत्यक्षात दुकानदारांकडून ठरलेला हप्ता रोज उपसत होती. जानेवारी 2025 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिच्या आणि तिच्या साथीदारांविरुद्ध एक अब्ज डॉलरहून मोठ्या रकमेचा निकाल मिळवला आणि दुकानदारांची कोट्यवधी डॉलरची देणी रद्द करायला लावली. ती माणसं निदान फसवली गेली होती. तुला कोणी फसवलं? तुझ्या मोबाइलमध्ये कागद पडलाय, तू तो उघडलाच नाहीस.

15 एप्रिल 2024 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून छोट्या धंद्याच्या कर्जाला मुख्य माहितीचा एक कागद द्यावाच लागतो, आणि तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. हप्ता किती, किती वेळा, दंड काय, तक्रार कुठे, सगळं. डिजिटल कर्ज नको वाटलं तर परत करायला किमान एक दिवसाची मुदतही असते, दंड न भरता. तो दिवस तू काय करत होतास? गाडीच्या शोरूममध्ये होतास.

हो, गाडीचं बोलतोयच मी. लाखातले पन्नास हजार मालात घातलेस, उरलेले मोटारसायकलच्या डाउन पेमेंटला. दुकानाच्या नावाने घेतलेलं कर्ज गाडीत घालणारा माणूस नंतर म्हणतो, कंपनीने बुडवलं!

1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे काढून जाळले. मी हा धडा घसा कोरडा पडेपर्यंत शिकवलाय. त्या माणसांना रोख्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. अंगठा उठवत होती. तुला वाचता येतं आणि तरी तूही अंगठाच दिलास, मोबाइलच्या काचेवर.

आणि ही नवी हुशारी कोणाची? बायकोच्या नावाचा दुसरा स्कॅनर पुढे लावलास आणि जुना बरणीमागे सरकवलास. गिऱ्हाइकाला हळूच म्हणतोस, ‘या स्कॅनरवर मारा.’ याला मी हुशारी नाही, बेइमानी म्हणतो. करार करून पैसे घेतलेत. शिवाय मूर्खपणाही आहे: जुन्यावर विक्री दिसली नाही की थकबाकी खात्यातून ओढणार, सिबिल खराब होणार, आणि उद्या खरी गरज पडली की बँकही दारात उभं करणार नाही. आजच्या आज जुना स्कॅनर पुढे आण.

निम्मं फिटलं की ‘टॉप-अप’चा मेसेज येईल. त्याला हात लावायचा नाही. जुनं बुजवायला नवं काढायचं, पुन्हा फाइल चार्ज भरायचा, हे ज्याला सुचतं त्याचं दुकान मी बंद होताना बघितलंय.

पैसे लागतातच तर बँकेत जा. मुद्रा योजना 2015 पासून चालू आहे: शिशु गटात 50,000 पर्यंत, किशोरमध्ये 5 लाखांपर्यंत, गहाण नाही. चकरा माराव्या लागतील, मार. बँकेचा माणूस विक्रीची वही मागेल, आणि ती तुझ्याकडे नाही, हे तुझं खरं दुखणं. आजपासून रोज रात्री तीन आकडे लिहायचे: विक्री किती, त्यात सुटले किती, कटले किती.

तो मुख्य माहितीचा कागद छापून उद्या सकाळी शटर उघडायच्या आधी माझ्याकडे आण. मुदतीआधी सगळं फेडलं तर किती भरावे लागतील, हे कंपनीला लेखी विचार. उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार कशी करायची, ते तिच्या 14448 नंबरवर सांगतात, मी लावून देतो. गाडी विकायची आणि त्यातून उरतील ते या कर्जात भरायचे. आणि उद्या येताना त्या गाडीवर बसून यायचं नाही. चालत ये.