बहिष्काराचा अधिकार

मनुष्यांचा समुदाय एखाद्या श्रेयस्कर हेतूने एकत्र आला की त्यास मर्यादा आखाव्या लागतात, आणि मर्यादा आखल्या की त्या मोडणाऱ्यास मज्जाव करण्याचा प्रसंग आज ना उद्या येतोच. हा अखत्यार समुदायाकडे असावा, याविषयी माझ्या मनात संदेह नाही; त्यावाचून भजन, शास्त्रचर्चा अथवा गावसभा यांपैकी काहीही निर्वेध चालणार नाही. विचार करावयाचा तो एवढाच की, ज्या तत्त्वाच्या उपासनेसाठी सभा जमते, त्या तत्त्वावरही सभेची मालकी पोहोचते काय?

या प्रश्नाला लोकपरंपरेने एक उत्तर देऊन ठेवले आहे. औंढा नागनाथ क्षेत्राची आख्यायिका सर्वश्रुत आहे: देवळासमोर कीर्तनास उभे राहिलेल्या संत नामदेवांना पुजाऱ्यांनी हटकले, ते निमूटपणे मागील बाजूस जाऊन कीर्तन करू लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी समोर नसून पाठीमागे आहे, ही त्या प्रसंगाची खूण म्हणून आजही दाखवितात. चमत्कारावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, पिढ्यान्‌पिढ्या ती कथा सांगणाऱ्या लोकांनी आपला फैसला तिच्यात नोंदवून ठेवला आहे: दाराची व्यवस्था पुजाऱ्यांकडे होती, देव त्यांच्या ताब्यात नव्हता.

पण म्हणून शिस्तच त्याज्य ठरते असे नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावताच सर्व टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदार तिच्यापाशी जाऊन कैफियत ऐकून घेतो. शांततेचा हुकूम देणाऱ्यावरच तो हुकूम न पाळणाऱ्याचे ऐकून घेण्याची जबाबदारी टाकणारी ही रीत मला अत्यंत न्याय्य वाटते.

राज्यसंस्थेलाही हा पेच सहज सुटलेला नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो घटनाबाह्य ठरविला, कारण धर्मरक्षणार्थ सभासदास वगळणे हा संप्रदायाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे, असे बहुमत पडले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी भिन्न मत नोंदविले. बहिष्कृताचे नागरी जीवन आणि मनुष्य म्हणून असलेली प्रतिष्ठा यांचा घात होतो, यावर त्यांचा भर होता. पुढे महाराष्ट्राने २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करून असा बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तजवीज केली.

माझा कौल सिन्हांच्या बाजूने आहे. सभेने मनुष्याच्या वर्तनाचा निवाडा करावा, तोही त्याची बाजू ऐकून व परतण्याची वाट मोकळी ठेवून. परंतु त्याचा जन्म, त्याचा मतभेद, त्याचे पाणी, त्याचे स्मशान आणि त्याचा ईश्वर ही सभेच्या कक्षेबाहेरची आहेत. जी सभा या गोष्टींवरही हक्क सांगते, तिने आपल्या उपास्याच्या जागी स्वतःचीच प्रतिष्ठापना केलेली असते. आणि धर्माच्या दृष्टीने हा अपराध तिने दंडिलेल्या कोणत्याही सभासदाच्या अपराधाहून मोठा आहे.