दाखल तारीख

प्राथमिक शाळेत असताना दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फळा असे. वर सुविचार, खाली दिनविशेष. बाई जुन्या वहीतून तारीख सांगत, मी ती रंगीत खडूनं उतरवून काढी आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून टाकी. आज चाळिशी ओलांडल्यावर एका शिक्षण संस्थेसाठी मी जवळपास तेच काम करते. फळ्याची जागा फेसबुक, इन्स्टाग्राम आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनी घेतली आहे. पण इथे लिहिलेलं पुसता येत नाही.

हे मला एका 28 फेब्रुवारीला कळलं. आम्ही चंद्रशेखर वेंकट रामन यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन’. साडेनऊच्या सुमारास आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या सरांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. “ताई, रामन जन्मले 7 नोव्हेंबरला, 1888 साली. 28 फेब्रुवारीला, 1928 मध्ये, त्यांच्या शोधाची घोषणा झाली. हा दिवस माणसाचा नाही, कामाचा आहे.” मी लगेच पोस्ट काढून टाकली. तोवर ती ग्रुपांतून पुढे गेली होती. दुपारी एका शाळेनं परिपाठाचा फोटो पाठवला, त्यात मागच्या फळ्यावर तीच चूक सुवाच्य अक्षरात होती. कुणीतरी चौथीतल्या मुलीनं ती वहीत उतरवून घेतली असेल, हे मला अजून टोचतं.

त्याच आठवड्यात आमच्या वेळापत्रकाच्या तक्त्यात ‘आधार’ नावाचा रकाना वाढला. तारीख, निमित्त, मजकूर, फोटो हे रकाने होतेच. आता तारीख कोणत्या पुस्तकातून, विश्वकोशाच्या कोणत्या नोंदीतून किंवा संस्थेच्या कोणत्या अहवालातून घेतली ते लिहिल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. हा रकाना भरायला बसलं की सोप्या वाटणाऱ्या गोष्टी अवघड होतात. ‘भारतातील पहिल्या महिला डॉक्टर कोण?’ हा प्रश्नमंजुषेतला ठरलेला प्रश्न. आनंदीबाई जोशींना 1886 मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. मिळाली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधीच गेल्या. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी कित्येक वर्षं डॉक्टरकी केली. आता यातलं ‘पहिल्या’ कुणाला म्हणायचं? चार पर्यायांत एक बरोबर, तीन चूक, अशा साच्यात या तिघींना कोंबणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून आम्ही तो प्रश्न मोडला आणि जोड्या लावायला दिल्या: कोण, कुठे शिकली, पुढे काय झालं. उत्तरं कमी आली, पण ज्यांनी दिली त्यांनी शोधून दिली होती.

शब्दांचीही तशीच काळजी घ्यावी लागते. 6 डिसेंबरला ‘महापरिनिर्वाण दिन’ असंच लिहायचं. 27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, राजभाषा दिन 1 मेला. 10 मार्चच्या मजकुरात ‘शुभेच्छा’ हा शब्द येता कामा नये, कारण 1897 साली त्या दिवशी सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. हे नियम तक्त्याच्या माथ्यावर लाल अक्षरात लिहून ठेवले आहेत. कामावर नवी मुलं येतात, गडबडीत तयार मजकूर उचलतात, आणि ‘पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा’ असं खरोखर लिहिलं जातं.

गेल्या 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्ही उत्तरसूची नसलेला एक प्रश्न विचारला: तुमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मुलगी कोण? एका माजी विद्यार्थिनीनं आजीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो पाठवला. कागद घड्यांवर विरलेला, शाई तपकिरी पडलेली. जन्मतारीख, 1 जून. आपल्याकडे ही तारीख कितीतरी घरांत सापडते. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबापांना जन्माचा दिवस सांगता यायचा नाही, मग गुरुजी वयाचा अंदाज घेऊन 1 जून टाकायचे. आमच्या सेवानिवृत्त शिक्षकांच्या यादीतही त्या दिवशी शुभेच्छांची रांग लागते. पण आजीच्या दाखल्यावर खाली आणखी एक तारीख होती. दाखल तारीख, 14 जून 1951. ती कुणी अंदाजानं लिहिलेली नव्हती. मुलगी समोर उभी असताना, त्याच दिवशी लिहिलेली होती.

शिक्षण संस्थेनं कोणते दिवस पाळावेत, याचा विचार मी त्या कागदापासून नव्यानं करू लागले. जन्म आणि मृत्यू कुणाच्या हातात नसतात. शाळेत दाखल होणं, शाळा काढणं, शोध जगापुढे मांडणं, हे माणसांनी ठरवून केलेलं असतं. 22 सप्टेंबरला भाऊराव पाटलांची जयंती आम्ही करतोच, पण 4 ऑक्टोबरला अधिक जागा देतो. 1919 साली त्या दिवशी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली.

सगळ्यात कठीण तारीख 7 नोव्हेंबर. मेरी क्युरींचा जन्म त्या दिवशीचा, 1867 चा, आणि रामन यांचाही. पूर्वी आम्ही दोन्ही पोस्ट एकापाठोपाठ टाकायचो आणि मुलं दोन्ही सरकवून पुढे जायची. आता रामन 28 फेब्रुवारीला आहेत. क्युरी 26 डिसेंबरला, कारण 1898 मध्ये त्या दिवशी रेडियमचा शोध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जाहीर झाला. 7 नोव्हेंबरला एकच पोस्ट असते. 1900 साली त्या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, नऊ वर्षांच्या एका मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. रजिस्टरात 1914 या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे आणि ते रजिस्टर शाळेनं जपून ठेवलं आहे. महाराष्ट्रात 2017 पासून हा विद्यार्थी दिवस आहे.

तुमच्या घरीही ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत असा जुना दाखला असेल. तो काढा, दाखल तारखेचा रकाना बघा, आणि नाव झाकून का होईना, त्याचा फोटो त्या शाळेकडे पाठवा. शाळेच्या दिनविशेषात ती तारीख यायला हवी.