पाळीचा न्याय

विषयनोंदणी सर्वांसाठी एकाच घटकेस खुली न करता प्रथम अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस आणि मग क्रमाने त्यांच्या खालच्या वर्गांस खुली करावी, हा प्रघात अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत रूढ आहे. यंदा विषय हुकल्यास ज्याची पदवीच लांबणीवर पडेल त्याची निकड, ज्याच्या हाती अजून तीन वर्षे आहेत त्याच्या आवडीहून वरचढ मानावी, हे त्यामागील तत्त्व मला पूर्णतः ग्राह्य वाटते.

१९६२ साली स्थापन झालेल्या आणि कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांचा कारभार सांभाळणाऱ्या शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हा प्रश्न दीर्घकाळ फारसा उद्भवला नाही, कारण विषयांचे गट बहुधा ठरलेले असत आणि प्रवेशाचा अर्ज मुदतीत दाखल झाला की निवडीचा प्रश्नही जवळजवळ निकालात निघे. नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांना लागू झाले, मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या विद्याशाखेतील खुला ऐच्छिक विषय घेणे आले, आणि शिक्षक, वर्गखोली व तास ही तिन्ही मर्यादित असल्यामुळे आधी कोणी निवडावे हा न्यायाचा प्रश्न होऊन बसला.

अकरावीच्या प्रवेशात आपण याचे एक उत्तर स्वीकारले आहे. पूर्वी काही मोठ्या शहरांपुरती असलेली केंद्रीय ऑनलाइन पद्धत २०२५-२६ पासून राज्यभर आल्यामुळे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा विद्यार्थीही आता दहापर्यंत पसंतिक्रम नोंदवून फेरीची वाट पाहतो, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांस मुकतो. येथे पाळी गुणांवर लागते. तिच्यात विलंब आहे, पण अर्ज आज भरला की चार दिवसांनी, यावर क्रम ठरत नाही, हा तिचा मोठा गुण होय. याउलट खुल्या ऐच्छिक विषयांची नोंदणी जेथे ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या नियमाने होते, तेथे गुण वा निकड यांपैकी काहीच मोजले जात नाही; मोजली जाते ती केवळ मोबाइलची रेंज आणि हाती असलेली फुरसत.

कालव्याच्या पाण्यासंबंधी आपल्या राज्याने पुच्छाकडून मुखाकडे पाणी द्यावे हे तत्त्व मान्य केले, ते मुखाशी असणाऱ्यास पाणी कधीही मिळू शकते हे अनुभवाने कळले म्हणून. विषयनोंदणीतही पुच्छाशी कोण आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. ज्याचा जातपडताळणीचा वा उत्पन्नाचा दाखला अद्याप कचेरीत अडकला आहे, जो सुट्टीत शेतावर राबतो, आणि जो रहिमतपुराहून साताऱ्यास रोज एस.टी.ने येजा करतो, त्यांच्यापैकी कोणीही आळशी नसतो. तरी मुदत मात्र त्यांचीच टळते.

म्हणून प्राचार्यांनी नोंदणीचा पहिला दिवस अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि दुसरा दुरून येणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, दाखला प्रलंबित असल्यास अर्जाच्या पोचपावतीवर जागा तात्पुरती मान्य करावी, आणि उरलेल्या जागांचा तक्ता दररोज सायंकाळी फलकावर लावावा. यात शहरातील विद्यार्थ्याचे फारसे नुकसान नाही. परतीच्या गाडीवर ज्याचा दिवस अवलंबून आहे त्याला मोजकेच तास सोयीचे पडतात, पण शहरात राहणाऱ्यास सकाळचा काय किंवा सायंकाळचा काय, कोणताही तास चालतो.