खरे आहे म्हणून सांगावे का?



आपल्या धर्मग्रामातील काही घरांतली मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत. त्या देशात माणसे शोधून देणाऱ्या वेबसाइट्स आहेत. नाव टाकले की वय, पत्ता, फोन नंबर, पूर्वीची घरे, नातलगांची नावे समोर येतात; अधिक हवे असेल तर पैसे भरायचे. घरांचे व्यवहार, कोर्टाच्या नोंदी अशा सरकारी दप्तरांतून आणि बाजारातून ही माहिती गोळा होते. ती काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो, पण बहुधा प्रत्येक वेबसाइटकडे वेगळा. आणि नवी नोंद आली की नाव पुन्हा उगवते. म्हणूनच कॅलिफोर्निया राज्याने २०२३ साली एकाच अर्जाने सर्व नोंदणीकृत माहिती-व्यापाऱ्यांकडून आपली माहिती पुसून घेण्याचा कायदा केला.

यावर कोणी विचारील, "ज्याचे मन स्वच्छ आहे त्याने पत्ता का लपवावा? आणि माहिती खरी असेल, तर ती देण्यात पाप कसले?"

१९९९ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील नॅशुआ शहरात एका तरुणाने वीस वर्षांच्या एका मुलीच्या कामाच्या ठिकाणाचा पत्ता माहिती विकणाऱ्या कंपनीकडून विकत घेतला आणि तेथे जाऊन तिला गोळ्या घातल्या. पत्ता अचूक होता. तरीही २००३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माहिती विकणाऱ्याने, ज्याची माहिती तो विकतो त्याच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतलीच पाहिजे.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारतो. खोटे बोलावे का? १७९७ साली कान्टने उत्तर दिले, नाही. त्यावर आजही वाद चालतो. पण खोटे न बोलणे ही एक गोष्ट आणि विचारील त्याला सर्व सांगणे ही दुसरी. त्या दोहोंच्या मध्ये मौनाला जागा आहे. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ आठव्या आज्ञेच्या विवेचनात हेच शिकवतो: ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही, त्याला ते सांगण्यास कोणी बांधील नाही (२४८९). चर्चच्या कायद्याचे २२० वे कलमही प्रत्येकाच्या खासगीपणाच्या हक्काचे रक्षण करते. तेव्हा आपला पत्ता काढून घेणारा माणूस खोटे बोलत नाही. कोणाला काय सांगावे हे ठरवण्याचा आपला अधिकार तो परत मागतो.

मग बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नावही खोडायचे का? नाही. बाप्तिस्मा घडला, ही घटना पुसता येत नाही. पण ती वही आपण चव्हाट्यावर मांडत नाही. ती परक्या हाती पडू नये ही जबाबदारी कायद्याने धर्मगुरूवर टाकली आहे. नोंद जपणे आणि तिचा बाजार मांडणे यांत फरक आहे.

मात्र या हक्काला मर्यादा आहे. ज्याच्यापासून लेकरांना धोका आहे, त्याची माहिती पालकांना व पोलिसांना मिळालीच पाहिजे. तेथे लपवणे हेच पाप. तेथे सत्यावर दुसऱ्याचा अधिकार असतो.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. परंतु शेजाऱ्याचा हा हक्क न्यायालयापेक्षा आपल्याच हातात अधिक आहे. एखादे ॲप फोनमधील सर्व नंबर मागते आणि आपण क्षणात 'हो' म्हणतो; ज्यांचे नंबर दिले, त्यांना आपण विचारलेले नसते. आजाऱ्याचे दुखणे, मोडलेले लग्न, कोणाचे कर्ज, हे प्रार्थनेच्या निमित्ताने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाते. सारे खरे असते, पण ते सांगण्याचा अधिकार आपला नसतो.

या आठवड्यात कोणाविषयी काही पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारू या: हे जाणण्याचा समोरच्याला अधिकार आहे का? आणि ज्याच्याविषयी आहे, त्याला मी विचारले आहे का? गुप्तपणे पाहणारा पिता आपल्याविषयी सर्व जाणतो आणि तरी आपली अब्रू राखतो. आपणही एकमेकांची राखू या.

ख्रिस्ताठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू