बिल फाडण्याआधी

देवा कपिलसिद्ध मल्लिकार्जुना, काउंटरवरची भाषा तुझ्यापुढं चालायची नाही, म्हणून सरळ बोलतो. मी एमआरपीच्या वर रुपया घेत नाही. जीएसटीचं पक्कं बिल देतो. कायद्यानं धरायला गेलास तर हाती काही लागायचं नाही. तरी रात्री झोप येत नाही.

पाकिटावर किंमत छापतो कंपनीवाला, आणि हवी तेवढी छापतो. ९९९ छापलेली एचडीएमआय केबल मी ५०० ला देतो. निम्म्यात मिळाली म्हणून गिऱ्हाईक माझेच उपकार मानतं. सोनेरी टोकामुळं चित्र स्वच्छ दिसतं असं मी कधीच म्हणत नाही. नुसतं ते टोक उजेडात धरतो. टेबलावरच्या टेबलावर जोडायला साधी केबलही तेच चित्र देते, हे मला ठाऊक आहे. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो, तरी वर अँटिव्हायरसची डबी ठेवतो आणि ‘असू द्या, डेटा महत्त्वाचा’ एवढंच बोलतो.

तो तूरवाला मात्र मनातून जात नाही. दुधनीच्या मार्केट यार्डात माल घालून थेट दुकानात आला होता. सरकारनं क्विंटलला ८,००० हमीभाव जाहीर केलेला, आणि यार्डात ओल दाखवून भाव कसा पाडला ते कन्नडमधून शिव्या घालत सांगत होता. मग शांत होऊन म्हणाला, “अण्णा, पोरगी इंजिनिअरिंगला लागलीय. मला यातलं कळत नाही, तुमीच बघून द्या.” मी सेलेरॉनचा, चार जीबी रॅमचा, जुन्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप दिला. तो खूप दिवस पडून होता आणि त्यावर कमिशन जास्त होतं. तिची सॉफ्टवेअरं त्यावर रखडणार हे कळत होतं. वर वाढीव वॉरंटीही लावली. तुरीचा दाणा दाताखाली फोडून बघणारा माणूस, पण त्यानं खोका उघडायलासुद्धा सांगितलं नाही.

घासाघीस केली असती तर बरोबरीचा सौदा झाला असता, देवा. त्यानं ती केली नाही, तेच मला खातंय.

रॅमचं वेगळं आहे. २०११ साली थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि भाव भडकले. आता एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा ओढल्या, २०२५ सरता सरता रॅम चढली. जुन्या भावाच्या मालावर नवी चिठ्ठी मीच डकवली. पण भाव चढला की शेतकरीही घरातली जुनी तूर नव्या भावानंच विकतो. याचा दोष मी स्वतःला फारसा देत नाही. चुकत असेन तर तू बघ.

सिद्धरामांनी तुझं नाव घेत सोलापुरात लोकांसाठी तळं खोदलं. बसवण्णांनी कायक सांगितलं, शुद्ध कमाईचं. आमच्या गल्ल्यावर बसवण्णांचा फोटो आहे, रोज ताजा हार असतो. मी त्याच्याच खाली बसून बिलं फाडतो.

नोकरी सोडायचं बळ मागत नाही; घरी हप्ते आहेत. ‘तुमीच बघून द्या’ असं कुणी म्हणालं, की बिल फाडण्याआधी ‘हे तुम्हाला लागत नाही’ एवढं माझ्या तोंडून निघू दे. तूरवाल्याचा नंबर बिलावर आहे. त्याला फोन लावायचं धाडस दे. लॅपटॉपमध्ये रॅमचा स्लॉट रिकामा निघाला तर आठ जीबीची पट्टी माझ्या पैशानं टाकून देईन, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवीन. आत्ताच्या भावात ती पट्टी मलाच महाग पडेल. पडू दे.

आणि मालकांना या महिन्याचं टार्गेट जरा कमी करायची बुद्धी दे. माझं ते ऐकत नाहीत.