आधी रक्त तपासा, मग सुई टोचा

कुत्रा दोन दिवस खात नाही, अंग तापलेले, हिरड्या पांढुरक्या. अशा वेळी बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते : "गोचीड ताप असेल, एक सुई मारून द्या." वाचला तर डॉक्टरांचा हातगुण, मेला तर त्याचे आयुष्यच तेवढे. आजार नेमका कोणता होता, हे विचारायचे मात्र राहूनच जाते.

गोचिडांमुळे येणारा ताप एकाच जातीचा नसतो. बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशींत शिरतो, तर एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन लागते. बबेसियावरचे डिमिनाझिन अंदाजाने जास्त गेले, तर कुत्र्याच्या मेंदूवर बेतू शकते. लक्षणे मात्र दोन्हींत जवळपास सारखीच! फरक कळायला कानाच्या टोकाचा रक्ताचा थेंब, काचपट्टी, जिम्सा रंग आणि सूक्ष्मदर्शक एवढे पुष्कळदा पुरते. काचपट्टीवर काही दिसले नाही म्हणजे आजार नाहीच, असेही नव्हे. एर्लिकिया सहज हुलकावणी देतो. तेव्हा प्लेटलेट मोजाव्यात, पुढची तपासणी करावी.

घरातल्या पोराला ताप आला की डेंग्यूच्या धास्तीने आपण प्लेटलेट मोजूनच आणतो. कुत्र्याचे नाव काढले की लगेच "जनावराला कशाला एवढे?" पोरगा निदान कुठे दुखते ते सांगतो. ज्याला सांगताच येत नाही, त्याला तपासणीची गरज अधिक.

आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळच्या घटमांडणीवरून पावसापाण्याची भाकिते ऐकायला दरवर्षी गर्दी होते. त्या अंदाजाने पावसाला इजा होत नाही. औषधाच्या अंदाजाने जनावर दगावते.

गोठ्यात तर हा प्रश्न माणसांपर्यंत येतो. गायीने गाभ टाकला की उघड्या हाताने वार काढायची आणि उरलेल्या जनावरांचे दूध न तापवता प्यायचे, ही ब्रुसेलोसिसला दिलेली वाटच. तो माणसाला झाला की ताप येत-जात राहतो, सांधे धरतात. रोज बंगाल चाचणीत रक्तद्रवाचा एक थेंब रंगीत द्रावणात मिसळला की चार मिनिटांत संशय पक्का करायचा की सोडायचा, याची दिशा मिळते.

शहरी दवाखान्यांत उलटा रोगही दिसतो : प्रत्येक शिंकेला हजारोंच्या चाचण्यांची यादी. ज्या तपासणीने उपचार बदलणार नाही, तिला ठाम नकार द्यावा. रेबीजचे तर वेगळेच. त्याची खात्री जनावर मेल्यावर मेंदूच्या नमुन्यावरून होते, म्हणून कुत्रा चावला तर जखम साबणाने धुऊन लगेच लस घ्यायला जावे. तिथे अहवालाची वाट पाहू नये.

खामगावहून पन्नासेक किलोमीटरवर अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. अवघड रुग्ण तिथे न्यावा. पण काचपट्टीसाठी अकोला गाठावे लागणे हे तालुक्याला शोभत नाही. येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा : आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे का, आणि तो शेवटचा कधी वापरला?