सोळा पिसांचे वेड

घरातले एखादे मूल कशाच्या तरी नादी लागले, की वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून एक प्रश्न हमखास बाहेर पडतो : "याचा पुढे उपयोग काय?" प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नसतो. ज्यांनी आयुष्यभर पैपैचा हिशेब ठेवला, त्यांनी मुलांच्या वेळेचाही हिशेब मागावा हे स्वाभाविकच आहे. पण या प्रश्नाला उत्तर देताना माणसे एक तर खोटे बोलतात, नाही तर गप्प बसतात. गेल्या वर्षभरात तो प्रश्न माझ्या पुढ्यात येऊन पडला, आणि मध्यस्थाच्या नात्याने मला खोटेही बोलता येईना नि गप्पही बसता येईना.

माझी भाची पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिला बॅडमिंटनचे वेड आहे. वेड हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. पहाटे पावणेपाचला ती उठते. घरात कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून बूट हातात घेऊन जिना उतरते. सहा ते आठ सराव, मग कॉलेज, आणि संध्याकाळी जमेल तर पुन्हा तासभर. परीक्षेच्या आदल्या दिवशीही तिचे मनगट जेवणाच्या ताटावर आपोआप वळत असते. आमच्या ताईला हे बघवत नाही.

बरे, मुलगी उद्या मोठी खेळाडू होणार असती, तर ताईनेही पदर खोचला असता. पण तसे काही होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सर्वांत आधी तिला स्वतःला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपउपांत्य फेरी, हीच तिची आजवरची झेप. या खेळात विशीला आलेल्या मुलीचा फैसला बहुधा होऊन गेलेला असतो. सायना नेहवाल २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये उपउपांत्य फेरीत पोचली, तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. भाची हे मला स्वतःच सांगते, तेही अगदी हसत. म्हणजे इथे भ्रम नाही. भ्रम असता तर काम सोपे होते. तो दूर करता आला असता.

तेव्हा प्रश्न असा उरतो. जी गोष्ट आपल्याला कधीच उत्तम साधणार नाही हे कळले आहे, तिच्यावर आयुष्यातली उत्तम वर्षे खर्च करण्याचा माणसाला अधिकार आहे काय? आणि त्या खर्चातला काही भाग दुसऱ्याच्या खिशातून जात असेल तर?

खिशाचे सांगतो. बॅडमिंटनच्या फुलाला सोळा पिसे असतात. ती बहुधा हंसजातीच्या पाळीव पक्ष्याची, आणि एका फुलातली सगळी एकाच बाजूच्या पंखातली. डावी-उजवी मिसळली तर फूल हवेत नीट फिरत नाही. या पिसांचे बूड बुचात बसवलेले असते. साऱ्याचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास, नियमाने ४.७४ ते ५.५० ग्रॅम. इतकी नाजूक वस्तू, आणि ती जन्माला येते मार खाण्यासाठी! जोरदार खेळात एक फूल एक डावही धड टिकत नाही. एक पीस मोडले की ते वेडेवाकडे उडू लागते. बारा फुलांचा बरा डबा हजार-दोन हजारांच्या घरात जातो. आमचे मेहुणे एका कारखान्याच्या भांडारात नोकरीला आहेत आणि धाकटा भाचा यंदा दहावीत आहे. त्याच्या शिकवणीची फी आणि हिच्या फुलांचे डबे एकाच पगारातून निघतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण छंदावर लिहिणारे लेखक छंदाचे बिल कोण भरतो हे सांगायचे बहुधा विसरतात.

भाची काटकसर करते, नाही असे नाही. सरावाला प्लॅस्टिकचे फूल वापरते. मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेली फुले गोळा करते. नव्या डब्याला ताईच्या चहाच्या आधणाची वाफ देते. वाफेने पिसे ओलसर होतात, चिवट होतात आणि लवकर मोडत नाहीत. त्यासाठी आधण दोनदा ठेवावे लागते, ही ताईची वेगळी तक्रार.

आता या वेडाच्या बाजूने जी कारणे दिली जातात ती पाहा. व्यायाम होतो म्हणतात. व्यायाम तर पर्वतीच्या पायऱ्या चढूनही होतो, आणि तोही फुकट. शिस्त लागते म्हणतात. पण शिस्त लावायला गणिताचा अभ्यास काय वाईट आहे? सरकारी नोकरीत खेळाडूंना राखीव जागा असतात, असे एका शेजाऱ्यांनी सुचवले. त्या जागा ज्या दर्जाच्या खेळाडूंसाठी आहेत, त्या दर्जाला ही मुलगी पोचणार नाही. ही सारी कारणे मला वकिली वाटतात. ती ऐकताना असे वाटते, की बॅडमिंटन ही कुणाची तरी मोलकरीण आहे, आणि ती किती कामे करते ते सांगून तिची नोकरी टिकवायची आहे.

काही सज्जन अशा वेळी गीता काढतात. फळाची आशा न धरता खेळावे, म्हणजे झाले! मला गीतेविषयी आदर आहे. पण हा उपदेश ज्यांनी कोर्टाच्या कडेला उभे राहून खेळ पाहिला आहे, ते करणार नाहीत. खेळणाऱ्याला फळ हवे असते. प्रत्येक गुण त्याला जिवाच्या आकांताने हवा असतो. तसा तो नसेल तर समोरच्याशी खेळण्यात अर्थ तरी काय? दोघांपैकी एकाने जरी फलत्याग केला, तरी दुसऱ्याचा खेळ बुडाला. चमत्कार पुढेच आहे. शेवटचा गुण झाला, की जे जीव टाकून हवे होते ते फळ दोघेही तिथेच टाकून देतात, जाळीवरून हात मिळवतात आणि उद्या सकाळी पुन्हा शून्यापासून आरंभ करतात. इतके हवे असणे आणि इतक्या लवकर सुटणे, हे प्रपंचात मला कुठे फारसे दिसलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिचा एक सामना पाहायला गेलो होतो. स्पर्धा लहान होती. कॉलेजातलीच एक मुलगी पंच म्हणून उंच खुर्चीवर बसलेली. रेषापंच कुणी नव्हते. अशा ठिकाणी ज्याच्या बाजूला फूल पडेल त्याने आत की बाहेर ते सांगायचे, असा रिवाज असतो. तिसरा डाव, भाचीचे १९ आणि समोरचीचे २०. समोरच्या मुलीने एक उंच फटका मारला. फूल भाचीच्या डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात गेले आणि रेघेवर पडले. रेघेवरचे फूल आत धरतात. पण ते रेघेवर पडले की दोन बोटे पलीकडे, हे चव्वेचाळीस फुटांच्या कोर्टाच्या दुसऱ्या टोकावरून कुणाला दिसणार? पंच मुलीने भाचीकडे पाहिले. भाची "आत" म्हणाली. सामना संपला.

घरी परतताना तिची मैत्रीण कुरकुरत होती : बाहेर म्हणाली असतीस तर कुणाला कळले असते? मला वाटले, आता भाची काही तरी बाणेदार बोलेल, आणि मामाला अभिमानाने ऊर भरून घेता येईल. तसे काही झाले नाही. ती वैतागून म्हणाली, "अगं, आत होतं ते. मी एक पाऊल उशिरा वळले. डावा पाय आलाच नाही. मामा, तू पाहिलंस ना?" पुढे घर येईपर्यंत ती त्या डाव्या पायाविषयीच बोलत होती. आपण खरेपणाने वागलो, हे तिच्या गावीही नव्हते. खोटे बोलण्याचा विचार मनात येऊन तिने तो परतवून लावला असेही मला वाटत नाही. फूल कुठे पडले आणि पाय का आला नाही, यातच तिचे मन इतके गुंतले होते, की त्या विचाराला शिरायला जागाच नव्हती.

मला या गोष्टीने बरेच दिवस छळले. सद्गुण म्हणजे मोहाशी झगडून मिळवलेला विजय, असे आपण शिकत आलो. इथे झगडाच नव्हता. मग याला सद्गुण म्हणायचे की नाही? मी म्हणेन, नाव काहीही द्या; पण ज्या नादात माणूस स्वतःला इतका विसरतो, त्याला नुसता वेळेचा अपव्यय म्हणणे मला जड जाते.

मात्र येथे थांबून, खेळाचे वेड माणसाला सचोटी शिकवते असा निष्कर्ष काढावा, तर २०१२ सालचे लंडन आडवे येते. त्या ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीच्या आठ खेळाडूंना अपात्र ठरवण्यात आले. एक जोडी चीनची, दोन दक्षिण कोरियाच्या आणि एक इंडोनेशियाची. त्या वर्षी प्रथमच गटवार साखळी सामने ठेवले होते. गटात हरले तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळेल, किंवा आपल्याच देशाच्या दुसऱ्या जोडीशी लवकर गाठ पडणार नाही, असा हिशेब होता. म्हणून या मुली मुद्दाम जाळीत सर्व्हिस मारू लागल्या, फुले बाहेर घालवू लागल्या. एका सामन्यात तर चार फटक्यांपलीकडे फूल टिकलेच नाही. प्रेक्षकांनी हुर्यो केली.

या मुलींना खेळाचे वेड नव्हते असे कोण म्हणेल? माझ्या भाचीने आयुष्यात मारले नसतील तितके फटके त्यांनी एका वर्षात मारले असतील. त्यांनी कुणाला फसवून गुण घेतला नाही; उलट गुण देऊन टाकले! आणि त्यांच्यापाशी एक सबळ युक्तिवाद होता : आम्ही सुवर्णपदकासाठी आलो आहोत, आणि हा सामना हरणे त्या पदकाच्या उपयोगाचे आहे.

उपयोगाचे! हा शब्द मला आमच्या स्वयंपाकघरातला वाटला. ताईचा प्रश्न आणि त्या दिवशीची जाळीत मारलेली सर्व्हिस यांच्यात नाते आहे, असे मला दिसू लागले. समोरचा सामना पुढच्या कशासाठी तरी आहे असे एकदा ठरले, की तो मन लावून खेळण्याचे कारण उरत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाचे आपण काही देणे लागतो, हेही मग दिसेनासे होते. खेळात हे देणे मोठे चमत्कारिक आहे. इतरत्र आपण एकमेकांना मदत करण्याचे देणे लागतो. इथे जमेल तितका अडथळा करण्याचे. जी मुलगी भाचीला घाम फोडत नाही, ती तिचा सकाळचा तास चोरते. लंडनला त्या आठ जणींनी एकमेकींचे हे देणे बुडवले. त्यांच्यातली इंडोनेशियाची ग्रेसिया पोली नऊ वर्षे पुढे खेळत राहिली आणि २०२१ साली टोकियोला तिने अप्रियानी रहायूबरोबर सुवर्णपदक मिळवले. ती वार्ता वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

आपल्या भागाला तर या खेळाकडे उपयोगाच्या चष्म्यातून पाहण्याचे कारणच नव्हते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, तेव्हा त्याला 'पूना' असेच नाव पडले होते. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली आणि परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्या काळी या खेळात पैसा असा नव्हताच. तरी लोक खेळत होते; आणि नाटेकर होऊ न शकणारे कितीतरी जण त्याच कोर्टांवर त्याच तळमळीने हरत होते.

पण ताईचे म्हणणे मला सोडून देता येत नाही. वेड खरे आहे म्हणून दहावीतल्या भावाने त्याची किंमत मोजावी, हे कोणत्या न्यायात बसते? आपल्या देण्याघेण्यात प्रतिस्पर्ध्याला जागा दिली, तर भावाला ती आधी द्यायला हवी. म्हणून मी तडजोड सुचवली : वेळ तिचा, त्यात कुणी बोलू नये, पण फुले तिने स्वतः मिळवावीत. जवळच्या एका सोसायटीत ती आता आठवड्यातून तीन संध्याकाळी लहान मुलांना शिकवते. त्या पैशांतून डबे येतात. मात्र त्या तीन संध्याकाळचा तिचा स्वतःचा सराव बुडतो. म्हणजे खेळता यावे म्हणून ती आता पूर्वीपेक्षा कमी खेळते. हा व्यवहार न्याय्य आहे असे मला वाटते; तो मला आवडतो असे मात्र नाही.

ताईचे समाधान झालेले नाही. "आज ना उद्या सोडायचंच आहे, तर आजच का नको?" हा तिचा नवा प्रश्न आहे, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. एप्रिलनंतर भाची कॉलेजात नसेल. विद्यार्थ्यांना हॉलच्या भाड्यात जी सवलत मिळते, ती बंद होईल. नोकरी लागली तर संध्याकाळ जाईल. मी हे सारे तिच्यापुढे मांडून पाहिले. ती रॅकेटच्या मुठीवर नवी पट्टी गुंडाळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "साडेपाचचा तास कुणालाच नको असतो, मामा. तो अर्ध्या भाड्यात मिळतो. मी विचारून आले आहे."